नरम काटा

माणसाचं वजन वाढू शकतं, याला वजन-मापे खात्याची तत्त्वतः हरकत नाही. मात्र ते पडताळणी झालेल्या आणि मुदतीतली मोहोर असलेल्या काट्यावरच वाढायला हवं. इतर कुठल्याही काट्यावर वाढलेलं वजन हा निव्वळ आरोप असतो, असं खात्याचं मत होतं. आणि खात्याचं जे मत असे, तेच काटेसाहेबांचं असे.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते निरीक्षक म्हणून बाजारात शिरले की फळवाले तराजूखालचा चुंबक हळूच खिशात टाकत आणि तोंडभर हसून म्हणत, "या, काटेसाहेब." इतक्या वर्षांत खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. घरी बायको त्यांना 'अहो' म्हणे. रागावली की तीही काटेसाहेबच म्हणे.

तर अशा या काटेसाहेबांच्या मूत्रपिंडांनी मध्यंतरी कामात ढिलाई सुरू केली. जे आत ठेवायचं ते बाहेर सोडायचं आणि जे बाहेर सोडायचं ते आत दाबून ठेवायचं, असा कारभार चालला होता.

"अगदीच सरकारी झाली म्हणायची," बायको म्हणाली. काटेसाहेबांना ते आवडलं नाही, पण खंडनही करता येईना.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली आणि नीट समजावून सांगितलं. "ही गोळी तुमच्या मूत्रपिंडाला आवरेल, पण हिलाही आवरावं लागतं. भूक वाढेल, झोप कमी होईल, चेहरा गोल दिसेल, चिडचिड होईल."

"चिडचिड गोळीनं होते?" बायकोनं विचारलं. "मग ही गोळी यांना लग्नाआधीपासूनच चालू असणार."

"आणि मुख्य म्हणजे," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "अंगात पाणी साठू शकतं. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं. भराभर वाढायला लागलं तर ते जेवण नव्हे, पाणी. लगेच मला सांगायचं, मी गोळी कमी करीन. आपल्या मनानं कमी करायची नाही, एकदम बंद तर मुळीच नाही. पण अंगावरही काढायचं नाही. पाणी पायांतून वर चढत छातीपर्यंत गेलं, तर मग मला गोळी बदलून भागणार नाही, खाट शोधावी लागेल."

म्हणजे सगळी भिस्त वजनावर होती. वजन हा विषय निघाल्यावर काटेसाहेबांना बरं वाटलं. आजारात आपल्याला कळणारं असं काहीतरी सापडलं होतं.

पहिले काही दिवस न्हाणीघरातल्या काट्यानं सभ्यपणे वागून घेतलं. मग एका सकाळी आकडा वर सरकला. दुसऱ्या सकाळी आणखी वर. तिसऱ्या सकाळी काटेसाहेब काट्यावरून उतरले, गुडघे टेकून बसले आणि त्याला चारी बाजूंनी न्याहाळू लागले. खात्याच्या नियमपुस्तिकेत सुरुवातीलाच लिहिलेलं आहे, की वजनात तफावत आढळल्यास दोष प्रथम उपकरणाचा समजावा, वस्तूचा नव्हे. इथे वस्तू म्हणजे स्वतः काटेसाहेब होते. वस्तूची कारकीर्द निष्कलंक होती.

बायको दात घासायला आत आली तेव्हा काट्याच्या पोटातून तार ओवलेली होती आणि तारेला शिशाचं सील लटकत होतं.

"अहो, हे काय केलंत?"

"जप्त केला. जास्त दाखवतो."

"मला तर काल नेहमीचंच दाखवलं."

"म्हणजे माणूस बघून वजन करतो. हे तर अधिकच गंभीर आहे."

बायकोनं त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. "मोज्यांचे वळ बघा केवढे खोल पडलेत. विहिरीच्या काठावर दोराचे पडतात तसे."

"मोजे आटले असतील."

"चार वर्षं नाही आटले ते?"

"आटण्याला मुदत नसते," काटेसाहेब म्हणाले आणि दाढी करायला आरशासमोर उभे राहिले. आरशातला चेहरा पूर्वीच्या चेहऱ्यात मावेना. पण आरशांची पडताळणी त्यांच्या खात्याकडे येत नव्हती, म्हणून आरसा बचावला.

रुग्णालयात तपासणीचा दिवस आला, तेव्हा काटेसाहेब कचेरीतून परस्पर तिकडे गेले. मूत्रपिंड विभागाच्या दाराशी एक उंच पांढरा काटा होता. रांगेतला प्रत्येक रुग्ण चपला काढून त्यावर उभा राही, सिस्टर आकडा ओरडून सांगे आणि सगळी रांग तो आदबीनं ऐकून घेई. काटेसाहेबांचा आकडा ओरडला गेला, तेव्हा रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. नापास मुलाकडे बघावं तसं.

"सिस्टर," काटेसाहेब काट्यावरूनच म्हणाले, "या काट्याची मोहोर कुठे आहे?"

"कसली मोहोर?"

"पडताळणीची. ही बघा, इथे पाठीमागे. मुदत संपलेली आहे."

"साहेब, मागे पन्नास माणसं आहेत. उतरा बरं खाली."

काटेसाहेब उतरले, पण खिशातून पक्कड आणि तार काढून. काही लोक वाचायचा चष्मा जवळ बाळगतात, तसं हे साहित्य त्यांच्या कोटात कायम असे. सिस्टरनं दुसऱ्या रुग्णाचं नाव पुकारेपर्यंत काटा कायदेशीररीत्या मुका झाला होता.

आत डॉक्टरीणबाई संगणकाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. पण संगणक भिंतीला टेकलेला, त्यांचं तोंड संगणकाकडे आणि रुग्णाचं त्यांच्या पाठीकडे, अशी त्या खोलीची रचनाच होती.

"वजन सांगा."

"वजन उपलब्ध नाही. काटा सील झाला आहे."

"कुणी केला?"

"सक्षम अधिकाऱ्यानं," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा कळ दाबून पाहिली. वजनाची चौकट रिकामी असली की पुढचं पान उघडत नसे आणि गोळी आहे तेवढीच पुढे चालू राही. "वजन आल्याशिवाय मला काही बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "लवकर आणा कुठून तरी."

दुपारी रुग्णालयाच्या प्रशासकांनी काटेसाहेबांच्या साहेबांना फोन केला. साहेब फोनवर "हो, हो" म्हणाले, फोन ठेवला आणि जिना चढून धापा टाकत आलेल्या काटेसाहेबांकडे त्यांनी मायेनं पाहिलं. "तुमची तब्येत बरी दिसत नाही. सक्तीची वैद्यकीय रजा घ्या."

"सक्तीची?"

"मायेपोटीच."

इथून पुढचं प्रकरण अत्यंत नियमानुसार घडलं. काट्याचं सील काढून फेरपडताळणी करावी, असा अर्ज रुग्णालयानं खात्याकडे केला. खात्यानं कळवलं, की हे काम त्या हद्दीच्या निरीक्षकाचं आहे आणि ते रजेवर आहेत. शेजारच्या हद्दीच्या निरीक्षकाला विचारलं, तर ते म्हणाले, "दुसऱ्याच्या काट्यात आम्ही हात घालत नाही." मग काटेसाहेबांनाच परत बोलवा, असं ठरलं. त्यांना कामावर घ्यायचं तर रुग्णालयाचा तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. दाखल्यावर वजन लिहावं लागे. वजन करायला काटा हवा होता. काट्याला सील होतं.

हे सगळं काटेसाहेबांनी बायकोला समजावून सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. कुठेही फट नव्हती.

"म्हणजे तुम्ही तुम्हालाच कोंडून घेतलंत," बायको म्हणाली.

"मी नाही. प्रक्रियेनं."

"आणि किल्ली?"

"ती पण प्रक्रियेकडेच."

तिनं त्यांचे बूट उचलून कपाटात ठेवले. ते दोन दिवसांपासून पायात जातच नव्हते, चपलाच चालल्या होत्या. बोटातली अंगठीही साबण लावून, फिरवून फिरवून काढावी लागली होती. त्याबद्दल काटेसाहेबांचं म्हणणं असं होतं, की सोनं हवेनं आकसतं.

शेवटी रुग्णालयानं तोडगा काढला. सील निघेपर्यंत रुग्णांनी जवळपासच्या कुठल्याही मुदतीतली मोहोर असलेल्या काट्यावर वजन करून पावती आणावी, असं पत्रक दारावर लागलं. जवळपास असे दोनच काटे होते. एक सोनाराचा. त्यावर माणसाच्या अंगठीचं वजन होऊ शकलं असतं, आणि काटेसाहेबांची अंगठी सध्या मोकळीही होती. पण डॉक्टरीणबाईंना पूर्ण रुग्ण हवा होता. दुसरा काटा रुग्णालयाच्या मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि कुठेच लिहिलेली नव्हती. प्रत्येक धंद्याच्या काट्याला स्वभाव असतो. माल विकणाऱ्याचा काटा थोडा कडक असतो, म्हणजे आहे त्याहून जास्त दाखवतो. तिथे गिऱ्हाईक भांडतं, तक्रार येते, खातं धावतं. माल घेणाऱ्याचा काटा नरम असतो, म्हणजे कमी दाखवतो. भंगारवाल्याचा काटा सगळ्यांत नरम. त्याबद्दल मात्र आजवर कुणी तक्रार केलेली नव्हती. घरातला मोडका पंखा आणि गळकी बादली देणारा माणूस आकड्याकडे बघतच नाही. अडगळ गेली, यातच त्याला सुख असतं. तक्रार नाही म्हणजे दोष नाही, या न्यायानं निरीक्षक भंगाराच्या काट्यावर फारसं न वाकता मोहोर उठवत. काटेसाहेबही उठवत. त्यात खाणंपिणं नव्हतं, लबाडीही नव्हती. फक्त रिवाज होता.

पंखे, कुकर आणि सायकलींच्या सांगाड्यांच्या ढिगामधून वाट काढत काटेसाहेब आणि बायको तिथे पोचले, तेव्हा अर्धा मूत्रपिंड विभाग आधीच रांगेत उभा होता. काट्याचा लोखंडी फळा जमिनीलगत होता. शेजारी भंगारवाला कानावर पेन्सिल ठेवून पावत्या फाडत होता.

"या, काटेसाहेब. आज माल कुठाय?"

"मीच आहे," काटेसाहेब कोरडेपणानं म्हणाले.

पुढे मुख्याध्यापिका बाई पावतीवरून वाद घालत होत्या. पावतीवर 'माल' असा रकाना होता आणि भंगारवाल्यानं त्यात 'मिश्र' असं लिहिलं होतं.

"मिश्र म्हणजे काय हो?"

"बाई, दातात तुमच्या चांदी, गुडघ्यात लोखंड. दुसरं काय लिहू?"

बाईंनी पावतीवरचा पुढचा आकडा वाचला आणि वाद सोडून दिला. त्यांचा चेहरा उजळला. "कमी झालंय की," त्या रांगेकडे वळून म्हणाल्या. "आयुष्यभर मुलांना कमी मिळाले म्हणून रडताना पाहिलं. कमी मिळाल्याचा आनंद आज कळला."

सगळ्यांचंच कमी भरत होतं. लोक काट्यावरून उतरताना हसत होते, एकमेकांना आकडे सांगत होते. एक गृहस्थ मोडक्या खुर्चीवर बसून नातेवाईकांना फोनवर आनंदाची बातमी देत होते. काटेसाहेब फळ्यावर चढले. दांडी हलली, स्थिरावली. आकडा न्हाणीघरातल्या पहिल्या दिवसापेक्षाही खाली होता.

त्या क्षणी दोन गोष्टी त्यांच्या मनात आल्या. पहिली आनंदाची होती. दुसरी, हा काटा नरम आहे, ही. दुसरी थोडी उशिरा आली, तोवर पहिलीनं बूड टेकलं होतं. शिवाय दांडीवर त्यांच्या हातची मोहोर स्पष्ट दिसत होती. आपल्या मोहोरेवर विश्वास ठेवणं हे प्रत्येक अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे.

"वा," डॉक्टरीणबाई संगणकात आकडा भरत म्हणाल्या. "वजन उतरलंय. म्हणजे गोळी मानवली. सूज?"

काटेसाहेबांनी चपलांतून बाहेर आलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. "वजन उतरलंय ना," ते म्हणाले.

"हो, तेही आहे. वजन कमी भरलं की हा 'सूज नाही' असं आपोआपच लिहितो. 'आहे' म्हटलं की लाल होतो." त्यांनी कळ दाबली. "मग आता गोळी थोडी वाढवू या. मूत्रपिंडाला आणखी आवर बसेल."

वाढवलेली गोळी इमानानं काम करू लागली. काटेसाहेबांना चहाच्या आधी भूक लागे आणि चहानंतर अधिक लागे. चेहरा इतका गोल झाला, की दारावर आलेल्या टपालवाल्यानं "साहेब आहेत का?" असं त्यांनाच विचारलं. चिडचिड होत होती, पण ती कुणाच्या ध्यानात आली नाही. उताणं पडलं की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटे, म्हणून ते आरामखुर्चीत बसूनच झोपू लागले. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून ते भिंतीवरचा वीजमीटर लक्षपूर्वक वाचत. हल्ली ते तो दर खेपेला वाचत.

आणि दर आठवड्याला भंगारवाल्याच्या पावतीवर सुधारणा दिसत होती. पाणी वाढत होतं, तसा तो फळा अधिकच नरमाईनं घेत होता. जड मालाला तो जास्त नरम असे, ही त्याची जुनीच खुबी.

पुढच्या खेपेला बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि काटेसाहेब उतरल्यावर ती स्वतः फळ्यावर चढली.

"वहिनी, तुम्हाला पण पावती?" भंगारवाल्यानं विचारलं.

"पावती नको. आकडा बोला."

त्यानं आकडा सांगितला. बायको फळ्यावरून उतरली, पिशवी उचलली आणि नवऱ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "एवढी मी लग्नात होते."

"म्हणजे तब्येत राखली आहेस."

"अहो, हा काटा खोटा आहे."

"मुदतीत आहे."

"मुदतीत खोटा आहे."

काटेसाहेबांनी पावतीची घडी घातली. मग म्हणाले, "खोटा नाही म्हणत त्याला. नरम म्हणतात."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्यांना पुष्कळ नावं ठेवली होती, पण खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं," काटेसाहेब म्हणाले. वाक्य पुरं करायला त्यांना मधेच श्वास घ्यावा लागला. "भंगाराचा काटा आहे. बादल्यांसाठी ठीक असतो."

"मग आज जाऊन सांगा डॉक्टरीणबाईंना."

"मोहोर माझी आहे त्याच्यावर. एक मोहोर चुकीची म्हटली, की सगळ्याच उघडाव्या लागतात. एवढ्या वर्षांची नोकरी आहे माझी."

"आणि मला एवढ्या वर्षांचा नवरा आहे," बायको म्हणाली. "त्याची मुदत कुठे लिहिली आहे ते दाखवा."

ते चिडून बोलायला गेले. शब्द छातीत होते, वर येईनात. सायकलींच्या सांगाड्यावर हात टेकून ते तसेच उभे राहिले. भंगारवाल्यानं मोडकी खुर्ची पुढे सरकवली आणि सवयीनं म्हणाला, "साहेब, घाई नाही. माल पडून राहिला तरी चालतो."

ते वाक्य कुठेतरी लागलं. काटेसाहेब खुर्चीत बसले नाहीत.

रुग्णालयाचा जिना त्यांनी तीन ठिकाणी बसून चढला. वाचायला मीटर नव्हता, त्यामुळे उघडपणे बसावं लागलं. आत डॉक्टरीणबाईंनी पावतीसाठी हात मागे केला. काटेसाहेबांनी पावती दिली नाही.

"काटा नरम आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कमी दाखवतो. भंगारवाल्यांचे दाखवतातच."

"पण मोहोर तर आहे ना त्याच्यावर?"

"आहे. माझीच आहे." त्यांनी पुन्हा श्वास जमवला. "मोहोर माझी आणि पायही माझे. दोन्ही एका वेळी खरे असू शकत नाहीत. पाय खरे आहेत."

वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वस्तूच्या बाजूनं दिलेला हा पहिलाच निर्णय होता.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला बोलावलं, सिस्टरनं प्रशासकांना. सील केलेला पांढरा काटा दारातून हलवून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला होता, त्यावर कुणीतरी कुंडी ठेवली होती. प्रशासकांनी हात जोडल्यासारखे केले. "खात्याचं सील आहे, ते तोडणं गुन्हा आहे. यांनी काढायचं म्हटलं, तर हे रजेवर आहेत. रजेवरचा अधिकारी म्हणजे सामान्य माणूस. त्यानं तोडलं तर तोही गुन्हाच. कायदेशीर स्थिती अशी आहे, की..."

कायदेशीर स्थिती कशी आहे, ते कळायच्या आत कच्च असा आवाज झाला. बायकोनं सिस्टरच्या तबकातली पट्ट्या कापायची कात्री घेतली होती. तिनं कुंडी उचलून प्रशासकांच्या हातात दिली, तुटलेली तार आणि शिसं पिशवीत टाकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चढा."

काटेसाहेब चढले. या वेळी सिस्टरनं आकडा ओरडून सांगितला नाही, नुसता दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो संगणकात भरला आणि पडदा नुसता लालेलाल झाला. तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची फिरवली. इतक्या भेटींत काटेसाहेबांना त्यांचा पुढचा भाग प्रथमच सलग दिसला. त्या उठल्या, खाली बसल्या आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. चांगला बराच वेळ राहिला.

"बघा, मोहोर कशी उठलीय," बायको म्हणाली. "हिला मुदत वगैरे काही नाही."

"हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"का नाही केलंत?"

त्यांनी संगणकाकडे पाहिलं. "अंगठ्याला यात चौकट नाही."

खाट शोधावी लागलीच. पण गोळी कमी झाली, पाणी उतरवायची वेगळी गोळी सुरू झाली आणि पाणी आलं तसं, थोडं कुरकुरत, निघून गेलं. बूट कपाटातून बाहेर आले. अंगठी बोटात गेली आणि सोनं पुन्हा पसरल्याचं काटेसाहेबांनी मान्य केलं. चेहरा सावकाश आपल्या हद्दीत परतला. चिडचिड तेवढी तिळभरही कमी झाली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल गोळीवर घेतलेला आळ बायकोनं जाहीरपणे मागे घेतला.

दाखला मिळाला आणि काटेसाहेब कामावर रुजू झाले. त्यांच्या टेबलावर पहिलंच प्रकरण त्यांच्याच हद्दीतलं होतं. एका महिलेनं रुग्णालयातलं शासकीय सील बेकायदा तोडलं होतं. त्यांनी नियमानुसार नोटीस लिहिली, संध्याकाळी घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर समोर सरकवली. बायकोनं हात पुसून ती वाचली, खाली सही केली आणि खुलाशाच्या जागी एकच ओळ लिहिली: सदर सीलखाली माझा नवरा अडकला होता.

काटेसाहेबांनी ती ओळ बराच वेळ वाचली. मग शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक'. हा शेरा त्यांच्या कारकिर्दीत याआधी कुणाच्याही वाट्याला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याच्या काट्यावरची आपली मोहोर स्वतःच्या हातानं खरवडून काढली आणि रुग्णालयाच्या पांढऱ्या काट्यावर वजनं ठेवून, वाकून, डोळे बारीक करून नवी उठवली. वरिष्ठांना तसं लेखी कळवलंही. साहेबांनी मायेपोटी त्यांची एक पगारवाढ रोखली. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती.

पण तिसऱ्या दिवशी कचेरीत शिष्टमंडळ आलं. पुढे मुख्याध्यापिका बाई होत्या.

"एका रात्रीत आमची सगळ्यांची वजनं वाढली," त्या म्हणाल्या. "याला जबाबदार कोण?"

"बाई, वजन आधीच वाढलेलं होतं. काटा नरम होता."

"ते आम्हाला सांगू नका. त्या काट्यावर आमची तब्येत उत्तम चालली होती. पथ्य नव्हतं, बोलणी खावी लागत नव्हती. नव्या काट्यावर उभं राहिल्यापासून मला धाप लागते."

"धाप आधीही लागत असेल."

"लागत होती. पण पावतीवर नव्हती."

या युक्तिवादाला उत्तर देणं इतर कुणाला जमलं असतं, काटेसाहेबांना जमण्यासारखं नव्हतं.

प्रशासकांनीही आकडेवारी काढून पाहिली. रुग्णांच्या समाधानाची नोंद रुग्णालयाच्या इतिहासात भंगाराच्या काळात सर्वाधिक होती. तेव्हा आता मूत्रपिंड विभागाच्या दाराशी दोन काटे आहेत. एक पांढरा, उपचारांसाठी. दुसरा लोखंडी फळ्याचा, भंगारवाल्याकडून रीतसर खरेदी केलेला, समाधानासाठी. कुठल्या काट्यावर उभं राहायचं ते रुग्णानं ठरवायचं, असं पत्रक आहे. पांढऱ्या काट्यापाशी बहुधा कोटात पक्कड बाळगणारे एक निरीक्षक आणि पिशवीत कात्री बाळगणारी त्यांची बायको एवढीच रांग असते. दुसरी रांग जिन्यापर्यंत जाते, आणि जिन्यात बरेचजण वीजमीटर वाचत बसलेले असतात. तिथे मीटर नाही.

हे वाचून तुम्हाला त्या दुसऱ्या रांगेचं हसू आलं असेल, तर उत्तमच. फक्त उद्या सकाळी काट्यावर चढण्याआधी चष्मा आणि घड्याळ काढून ठेवू नका. आकडा आवडला नाही म्हणून काटा शेजारच्या फरशीवर सरकवू नका. कुणी "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी एकदा नडगीवर अंगठा दाबून बघा. काटेसाहेब घरोघरी येऊ शकत नाहीत. त्यांची हद्द उंबऱ्याशी संपते. तुमची रांग तिथूनच सुरू होते.